दिल्लीहून आलेली येडी

हेलिकॉप्टर उतरताना माळावरची सगळी धूळ उठते, आणि पंखा थांबला की तीच धूळ सावकाश आपल्या अंगावर येऊन बसते. आमच्या हँगरमधले किस्से असेच साठत गेले. घडत होते तेव्हा कोणाला धड काही दिसत नव्हतं, जो तो डोळे चोळत होता. नंतर चहाला बसलो की प्रत्येकाच्या अंगावर एकेक किस्सा!

मी हेलिकॉप्टरची देखभाल शिकले ती लांब, बर्फाच्या देशात. तिथल्या हँगरची फरशी अशी की स्क्रू पडला तर त्याचं प्रतिबिंबही सापडायचं. लायसन्स हातात पडलं आणि कळलं, शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्याच भागातल्या एका माळावर, एका छोट्या कंपनीने हँगर टाकलंय. मला रडूच आलं, आनंदाने. मनात चित्र तयार होतं: मी सुरक्षेचे नियम समजावून सांगतेय, समोर सगळे माना डोलावतायत, आणि माझ्या तालुक्यातून एक अगदी निर्दोष हेलिकॉप्टर आकाशात जातंय.

प्रत्यक्षात सापडली पत्र्याची शेड, एकुलतं एक हेलिकॉप्टर आणि त्याच्या शेपटीच्या सावलीत रवंथ करणारी म्हैस. नियम मात्र भरपूर होते! शनिवारी नवीन नटाचं पाकीट फोडायचं नाही. अमावास्येला ग्रीस भरायचं नाही. उडायला निघालेल्या कॅप्टनना 'कुठे निघालात' असं विचारायचं नाही. नियमांची टंचाई इथे कधीच नव्हती. त्यांत फक्त माझे नियम नव्हते!

मंडळी मोजकीच. भोईरमामा, आमचे मुख्य मेकॅनिक. हेलिकॉप्टरला ते 'चतुर' म्हणतात, कारण पावसाळ्यात बांधावर उडणाऱ्या चतुराची शेपटी तशीच असते. ताराबाई, जेवण आणि साफसफाई बघणाऱ्या, सिद्धगडाच्या बाजूच्या वाडीतल्या. कॅप्टन देशमुख, सैन्यातून निवृत्त झालेले. आणि शेठ, म्हणजे मालक, राहायला कल्याणला.

आमचं रोजचं काम म्हणजे डोंगरावरून गेलेल्या विजेच्या मोठ्या तारांची वरून पाहणी करणं. ते कंत्राट संपत आलं होतं. मी रुजू झाले त्याच आठवड्यात शेठनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेत लोकांना हेलिकॉप्टरच्या फेऱ्या मारायच्या. फेऱ्या भरल्या तर हँगर इथे. नाही भरल्या तर मी ही शेड उतरवून गुजरातला नेणार."

मामा आणि ताराबाई काही गुजरातला जाणार नव्हते. आणि मी पुन्हा बर्फात जाणार होते. त्यामुळे खालचे सगळे किस्से वाचताना हे लक्षात असू द्या, की हसताना आमचे डोळे कॅलेंडरवर असायचे.

*

हेलिकॉप्टरच्या एखाद्या भागात खोट आढळली की सरकार आदेश काढतं: अमुक नंबरांचे भाग बदला, नाहीतर उडायचं नाही. त्याचं नाव एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. एवढं लांब कोण म्हणणार? सगळे मेकॅनिक म्हणतात, एडी.

आता 'एडी' हा शब्द मुरबाडच्या माणसाच्या तोंडून ऐका. 'ए'चा 'ये' झाल्याशिवाय राहत नाही.

माझ्या पहिल्याच सोमवारी अशी एक एडी आली. डोक्यावरच्या पंख्याच्या पात्याचे चिकटवलेले थर सुटतायत का ते तपासा, अशी. मी उत्साहाने ओरडले, "मामा, काम थांबवा! दिल्लीहून एडी आलीय!"

मामांनी लगेच शेठना फोन लावला.

"शेठ, दिल्लीवरून येडी आलीय. बोलते, कोनी उडायचं नाय. पात्याला हात लावून बगल्याशिवाय सोडनार नाय बोलते."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग शेठ खालच्या आवाजात म्हणाले, "मामा, ती आपली नवीन इंजिनिअर आहे. परदेशात एकटी राहिलेली मुलगी. जरा सांभाळून घ्या."

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले. माझ्यापासून लांब खुर्ची टाकून बसले आणि अगदी हळुवारपणे म्हणाले, "बेटा, झोप लागते ना नीट?"

तेव्हापासून हँगरमध्ये दोन येड्या आहेत. एक दिल्लीहून येते, दुसरी सकाळच्या एसटीने!

*

आमच्याकडे नट आवळायचे पाने एका फळीवर टांगतात. प्रत्येक पान्याच्या मागे त्याच्याच आकाराची लाल सावली रंगवलेली. पाना जागेवर नसला की लाल दिसतं, आणि लाल दिसलं की उड्डाण बंद. कारण हरवलेला पाना इंजिनाजवळ राहिला असेल तर तो वर जाऊन काय करेल सांगता येत नाही. ही फळी मी मोठ्या अभिमानाने रंगवली होती.

एका सकाळी एक सावली रिकामी!

कॅप्टन चढून बसले होते, त्यांना उतरवलं. मामांनी सीट काढल्या. मी टॉर्च घेऊन शेपटीच्या पोकळीत अर्धी आत. झाकणं उघडली, फरशी उचकटली, म्हशीला उठवून तिच्याखालीही बघितलं. जेवायची वेळ झाली. मामा म्हणायला लागले, "ताय, हा पाना नशिबातच नव्हता गो."

ताराबाई भाताचा टोप घेऊन आल्या. टोपाच्या झाकणाची मूठ तुटली होती, म्हणून झाकणाच्या भोकात काहीतरी अडकवून त्यांनी ते उचललं. चकचकीत. दहा नंबर.

"ताराबाई! आम्ही सकाळपासून हाच शोधतोय!"

"मंग मला इचारायचं ना," ताराबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी त्या हेलिकॉप्टरलाच इचारीत बसलाव!"

आता फळीवर सगळ्यात खाली एक झाकणाची मूठ टांगलेली असते. तिच्या मागेही लाल सावली रंगवली आहे.

*

खंडेनवमीला मी रजेवर होते. ही माझी चूक नव्हे, पण पुढच्या वर्षी रजा घेणार नाही.

परत आले तर चतुरला ओळखता येईना. नाकावर स्वस्तिक, पात्यांना हळदीकुंकवाची बोटं, शेपटीच्या पंख्याला झेंडूची माळ. पात्यावर रंगाचा थर जास्त झाला तरी तोल बिघडतो, आणि इथे तर अख्खी पूजा! मी बादली आणि फडकं मागवलं. मामा रुसून बसले. "आईच्या कपाळाचं कुंकू पुसतेस काय गो?"

नेमके त्याच दिवशी सरकारी तपासणी अधिकारी आले. अगोदर न कळवता. आम्ही बाहेरचं सगळं पुसलं होतं, पण साहेबांनी इंजिनाच्या हवेच्या तोंडात आरसा घातला आणि आतून चिमटीने काहीतरी काढलं. चार तांदूळ. कुंकवात माखलेले.

अक्षता!

साहेबांनी ते तळहातावर ठेवले, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "सायब, ते म्यॅन्युअलच्या आदीपासून हाय."

साहेबांनी शेरा मारला तो मारलाच, आणि आम्ही इंजिन उघडून पूर्ण साफ केलं. पण जाताना ते दारात थांबले. तांदूळ अजून त्यांच्या मुठीतच होते. इकडे तिकडे बघून त्यांनी ते हळूच स्वतःच्या गाडीच्या बॉनेटवर टाकले.

पुढच्या वर्षी पूजा चतुरच्या फोटोची करायची असं ठरलंय. फोटो मामांनी निवडला. त्यात कॅप्टन आहेत, मी आहे, ताराबाई आहेत. चतुरची फक्त शेपटी आलीय.

*

बदललेला खराब भाग नुसता बाजूला ठेवायचा नसतो. तो पुन्हा कोणी कुठल्या हेलिकॉप्टरला लावू नये म्हणून त्याची पुरती वाट लावायची, असा नियम आहे. कापायचा, चेचायचा.

हे मी सांगितलं तेव्हा हँगरमध्ये सुतक पडल्यासारखं झालं. आमच्याकडे कोणी फाटकी छत्रीसुद्धा टाकत नाही. आणि इथे तर त्या पहिल्या एडीत थर सुटलेलं निघालेलं, एवढं लांब, हलकं, चकचकीत पातं!

बातमी गावात गेली. देवळाच्या कमिटीला ते कमानीवर हवं होतं. एका शेतकऱ्याला ओढ्यावर साकव म्हणून. एका नवरदेवाच्या बापाला मांडवाच्या दारात. मी सगळ्यांना नाही म्हटलं आणि करवत घेतली. मामा पाठ करून उभे राहिले.

"झालं का गो?"

"अजून नाही."

"आवाज कमी कर. जीव जातो माजा."

तुकडे झाल्यावर मात्र माझा इलाज चालेना. कापलेला तुकडा कोणी नेला तर नियमाला धक्का लागत नव्हता. एक तुकडा बाजूच्या शेतातल्या काकांनी नेला आणि भातावर पाखरं बसू नयेत म्हणून दोरीने बांबूला टांगला. उन्हात तो असा चमकायचा की पाखरं खरंच पळाली.

चौथ्या दिवशी काका रागाने लाल होऊन हँगरवर आले. "काढून न्या तो तुमचा पंखा!"

"का? पाखरं येतात का?"

"पाखरं कसली! हेलिकॉप्टरचा पंखा बगायला आख्खा गाव येतो. सगलं भात तुडवलं!"

*

पंख्याच्या काही भागांना आयुष्य ठरवून दिलेलं असतं. दिसायला कितीही ठणठणीत असला तरी ठरलेले तास भरले की भाग काढायचाच. मेकॅनिक लोक म्हणतात, 'लाइफ संपली.'

शहापूरच्या एका लग्नात नवरदेव हेलिकॉप्टरने येणार होता. नवरी हौशी, तिच्याच घरून फोन आला होता. आणि नेमकी लग्नाच्या आधी चतुरच्या एका भागाची लाइफ संपली. नवीन भाग यायला वेळ होता. मी म्हटलं, "मामा, त्यांना नीट, शांतपणे कळवा."

मामांनी फोन लावला. उचलला नवरीच्या आईने.

"नमस्कार. ते शनिवारचं नवरदेवाचं हाय ना, त्यासाठी फोन केला. शनिवारी जमनार नाय. त्याची लाइफ संपली."

पलीकडून नुसतं 'अगं बाई!' आलं. मामांना वाटलं, बाईंना वाईट वाटलं. म्हणून त्यांनी धीर दिला.

"तुमी काय टेन्शन घेऊ नका. आमी दुसरा मागवलाय. पुढच्या आठवड्यात येतो. कोरा करकरीत हाय, ह्याच्यापेक्षा जास्त टिकंल!"

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मग रडण्याचा. मग बऱ्याच बायकांच्या रडण्याचा!

त्या दिवसापासून बाहेरचे फोन ताराबाई घेतात. नवरदेव शेवटी घोड्यावरून आला. घोड्याने मांडवाच्या दारातच बसकण मारली, पण तो आमचा विभाग नाही.

*

आणि मग ती म्हशाची जत्रा.

आदल्या दिवशी कॅप्टननी चतुरला म्हशाबाहेरच्या एका रिकाम्या भातखाचरात उतरवलं. भोवती बांबूचं कुंपण. एका अंगाला बैलबाजार, दुसऱ्या अंगाला आकाशपाळणा. फेरीसाठी नाव द्यायला अशी झुंबड की ताराबाईंना काठी घेऊन उभं राहावं लागलं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतून माणसं चालत आली होती. काय बघायचंय? तर आपलं घर वरून कसं दिसतं ते! शेठ पहिल्यांदाच आमच्याबरोबर जमिनीवर बसून जेवले. म्हणाले, "मामा, शेडला पुढच्या वर्षी नवे पत्रे घालू."

सकाळी उद्घाटन होतं. सकाळीच मी फोन उघडला, आणि एडी!

शेपटीच्या पंख्याची पाती वळवणारी एक वीतभर दांडी असते, तिला लिंक म्हणतात. ती तुटली तर हेलिकॉप्टर हवेत भोवऱ्यासारखं स्वतःभोवती फिरायला लागतं. एका ठरावीक खेपेच्या लिंकना आतून तडे सापडले होते. आदेश सरळ होता: या खेपेची लिंक असेल तर पुढच्या उड्डाणाआधी बदला. मी शिडीवर चढले, ग्रीस पुसलं, नंबर वाचला. पुन्हा वाचला.

आमचीच खेप.

कारखान्याने धोक्याची सूचना आधी दिली होती, म्हणून नवीन लिंक मागवलेली होती. पण ती मुंबईला कस्टममध्ये अडकलेली.

"तडा दिसतोय का?" शेठनी विचारलं.

"डोळ्यांना नाही दिसत."

"मग एक फेरी. फक्त उद्घाटनाची. पाहुणे निघालेत."

"शेठ, आदेशात 'उद्घाटन वगळून' असं लिहिलेलं नाही."

शेठचा चेहरा उतरला. "सायली, आज उडलं नाही तर ही माणसं पांगतील. माणसं पांगली तर हँगर गेलं. मामा गेले, ताराबाई गेल्या, तू गेलीस. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

शेठ कॅप्टनकडे वळले. कॅप्टन कुंपणाला टेकून शेंगदाणे खात होते.

"शेठ, मला उडताना शेपटी दिसत नाही," ते म्हणाले. "मी पुढे बघतो. मागे सगळं ठीक आहे हे मला सायलीची सही सांगते."

आणि ते पुन्हा शेंगदाणे सोलायला लागले.

*

आता लोकांना सांगायचं कोणी? शेठ म्हणाले, "तांत्रिक कारणास्तव, एवढंच बोला." लाउडस्पीकर मामांच्या हातात होता. मामांनी गळा साफ केला.

"मंडळी! बैलाचे दात बगितल्याबिगर दावं हातात कोन घेतो काय?"

"नाय!" बैलबाजाराकडून आवाज आला.

"आमच्या येडीनं आज चतुरचे दात बगितले. एक दात हालतोय!"

शेठनी कपाळावर हात मारला. आकाशपाळण्याचा मालक लांबून ओरडला, "माज्या पाळन्याला कुठली येडी येत नाय! या, इकडं या!" लोक हसले.

पण पांगले नाहीत! बैलबाजारातला एक म्हातारा व्यापारी, गळ्यात टॉवेल, कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "दाव." मी लिंक दाखवली. त्याने मान वाकडी करून, एक डोळा मिटून, बैलाचा जबडा बघावा तशी ती बघितली. मग त्याच्यामागे दुसरा. मग रांगच लागली. चतुरचा हलता दात बघायला बाया पोरं घेऊन आल्या. फेरीपेक्षा मोठी रांग!

"मालक सोताच्या जनावराची खोट सोता सांगतो," म्हातारा टॉवेल झटकत म्हणाला. "म्हशाच्या बाजारात हे नवीनच!"

शेठनी ते ऐकलं. मग गाडीची किल्ली काढली. "लिंक मी आणतो. कस्टमच्या दारात बसून आणतो."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ लिंक घेऊन आले, मांडीवर, लहान मूल आणावं तशी. आम्ही काम तिथेच, शेतात सुरू केलं. भोवती शे-दोनशे माणसं आणि प्रत्येकाची सूचना.

"मामा, डावीकडून आवळा!"

"तेल सोडा, तेल!"

"आदी पाया पडा रं तिच्या!"

असं काम झालं की ज्याने केलं त्यानेच तपासून चालत नाही, हाही नियम. दुसऱ्याचे डोळे लागतात. मामांनी बसवलं, मी तपासलं, वर कॅप्टननीही शिडीवर चढून हात फिरवला. पुढे बसलेल्या एका आजीला ते काही पटेना.

"येका खिळ्याला तीन तीन मानसं? आमच्या घराचा वासा माज्या मालकानं येकट्यानं बशिवला!"

"म्हनून तुमचं घर उडत नाय, आजी!" मामा शिडीवरूनच म्हणाले.

जुनी लिंक मी सगळ्यांसमोर कापली. या वेळी मामांनी पाठ केली नाही, करवत पकडायला हात दिला. कॅप्टन एकटे बसले आणि चाचणी म्हणून चतुर वर गेलं. घोंगड्यांच्या दुकानावरच्या घोंगड्या उडाल्या, टोप्या उडाल्या, धुळीत शिट्ट्या झाल्या. उतरल्यावर कॅप्टननी अंगठा वर केला. सगळं बरोबर होतं. मी सही केली. उद्या सकाळपासून फेऱ्या!

*

आणि संध्याकाळी माणसं नावं मागे घ्यायला लागली.

"उद्या म्हशीला डाक्टरला दाखवायचं हाय."

"माजी दाढ दुकते. वर गार वारा लागंल."

"बायको नको बोलते." बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "मी कवा बोलले?"

ताराबाईंची काठी नुसतीच कुंपणाला टेकून होती. पाळण्याकडे मात्र ही गर्दी! शेवटी तो टॉवेलवाला म्हातारा आला. मी त्यालाच विचारलं, "बाबा, काल तुम्हीच कौतुक केलं ना?"

"केलं. आजबी करतो," तो म्हणाला. "पन दुखनं काढलेला बैल इकत घेतला, तर लगेच आपल्या नांगराला कोन जुपतो, पोरी? आदी दुसऱ्याच्या शेतात चालू दे."

"कॅप्टन बसले की. मीही बसते."

"त्यांचं कामच ते. तुजीबी नोकरी हाय. पगारी मानसं इमानात बसनारच."

शेठ जवळच उभे होते. रागावले नाहीत. म्हणाले, "तू चुकली नाहीस, सायली. पण उद्या हेलिकॉप्टर रिकामं राहिलं तर माझ्यापुढे रस्ता नाही." आणि गाडीत जाऊन बसले. मामा पान्यांची पेटी पुसत होते. पुसलेलीच पेटी पुन्हा पुसत होते.

आमचं घर म्हशापासून जवळच. तिथे आई असते, भात आणि दोन म्हशींच्या रगाड्यात. मी काय काम करते ते तिला नीटसं माहीत नाही, कोणी विचारलं तर सांगते, "ती मोठ्ठ्या पंख्याचं बगते." ती आजवर एसटीतसुद्धा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत नाही. समोरचा रस्ता अंगावर येतो म्हणते. मी घरी आले तेव्हा शेजारच्या सुनंदाकाकू अंगणातच बसलेल्या. "काय गो, ऐकलं ते खरं काय? तुजं इमान मोडकं निगालं?" आई उठून चुलीपाशी गेली. तिने मला ताट वाढलं आणि भातावर तूप जरा जास्तच सोडलं.

सकाळी ती गोठ्यात धार काढत होती. मी दारात जाऊन उभी राहिले.

"आई, आज नवी साडी नेस. पहिल्या फेरीत, सगळ्यांच्या देखत, तू बसायचं."

धारेचा आवाज थांबला. म्हशीने मान वळवून बघितलं. आईने बघितलं नाही.

"सही कुनाची हाय त्याच्यावर?"

"माझी."

आईने चरवी उचलली, पदराने हात पुसले आणि माझ्या बाजूने घरात जाता जाता विचारलं, "चपला घालून बसायचं, का भायेर काढायच्या?"